भिंतवाले साहेब

भिंतवाले साहेब शाळेत आले की आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. मुख्याध्यापक टोपी सारखी करून फाटकात उभे असायचे, चहाचं आधण चढलेलं असायचं आणि साहेब मात्र त्यांच्याकडे न बघता थेट इमारतीच्या मागच्या बाजूला जायचे. भिंतीला कान लावायचे, हातातल्या काठीने दोन-तीन ठिकाणी ठोकायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. पोकळ आवाज आला की त्यांचं तोंड आंबट व्हायचं. सगळ्या बाजू ऐकून झाल्या की मगच ते पुढे येऊन, "नमस्कार गुरुजी, कसं काय?" असं म्हणायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकावर आणि पगारपत्रकावर असेल तेवढंच. मुलांनी त्यांना भिंतवाले साहेब म्हटलं आणि पुढे सगळ्या जिल्ह्याने ते उचललं.

ते जिल्हा परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी होते. त्यांच्या बरोबरीचे साहेब पाढे म्हणून घ्यायचे, वह्या बघायचे आणि दुपारच्या जेवणाला कोंबडी आहे की नाही याचा अंदाज घ्यायचे. शाळा सुरक्षित आहेत की नाही हे बघण्याचं काम कुणालाच नको होतं, कारण त्यात मान नव्हता आणि उन्हातली पायपीट होती. ते काम यांनी मागून घेतलं. एस.टी.ने जायचं, पुढे कुणाची सायकल मिळाली तर सायकल, नाहीतर चालत. कचेरीतले लोक चेष्टा करायचे, "साहेब, गवंडीकाम सोडून इकडं कसं काय आलात?" साहेब हसायचे. म्हणायचे, "अपघात झाल्यावर सगळेच हुशार होतात. मला आधी व्हायचंय."

मी औरंगाबादच्या गुलमंडीत वाढलेली मुलगी. डी.एड. झाले आणि पहिलीच नेमणूक पाचोडच्या पुढे, आठवड्याच्या बाजाराखेरीज एस.टी.चं दर्शन नसलेल्या एका गावात मिळाली. दोन खोल्यांची शाळा, मुख्याध्यापक गुरुजी आणि मी. गावात एकट्या बाईने राहायचं म्हणजे पाटलांच्या आसऱ्यानेच. त्यांच्या घराची पुढची खोली मला मिळाली आणि पाटलीणबाई रोज गरम भाकरी पाठवायच्या. हे सांगायला हवं, कारण पुढे मी जे केलं नाही त्यात त्या भाकरीचाही वाटा आहे.

साहेबांना मुलं मोजायची सवय होती. प्रार्थनेला मुलं उभी राहिली की ते दोन बोटं खाली करून, ओठ हलवत, जोडीजोडीने मोजत जायचे. त्यांचं घराणं मेंढरं राखणारं. वडील तेव्हाही पैठणच्या बाजूला कळप घेऊन फिरायचे. "आमच्याकडं सांजचं मोजल्याबिगर जेवत नाहीत," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर त्यांनी परत मोजणी केली आणि एक मूल कमी भरलं. शोधाशोध केली तर पहिलीतला एक पोरगा सरपणाच्या ढिगामागे गाढ झोपलेला सापडला. आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याला उठवून रांगेत आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

त्यांच्या पिशवीत कागदांपेक्षा बिजागऱ्या जास्त. शाळेचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे हा त्यांचा हट्ट होता आणि आमच्या दोन्ही खोल्यांची दारं आत उघडायची. त्यांनी गावातल्या सुताराला बोलावलं, स्वतः दार धरून उभे राहिले आणि दुपारभरात दोन्ही दारं फिरवून घेतली. गुरुजींना हा सगळा पोरखेळ वाटत होता. ते म्हणाले, "साहेब, आत काय आन् बाहेर काय, दार ते दारच."

"घाबरलेलं लेकरू ढकलतं, गुरुजी. ओढत नाही," साहेब म्हणाले.

मी पुढे तीस वर्षं शिकवलं. मोठमोठ्या शिबिरांना बसले. लहान मुलांविषयी याहून खरं वाक्य मला कुणाकडून ऐकायला मिळालं नाही.

तेव्हा औरंगाबादच्या बाजूला चिकलठाण्यात कारखाने भराभर उभे राहत होते. गावातली तरणी माणसं तिकडे जाऊ लागली होती आणि येताना तिथल्या वस्तू आणायची. गुरुजींच्या भाच्याने शाळेला एक भलंमोठं पत्र्याचं पिंप भेट दिलं, निळ्या रंगाचं, घट्ट झाकणाचं. आम्ही त्यात पिण्याचं पाणी भरू लागलो. साहेबांनी झाकण काढून वास घेतला.

"यात आधी काय होतं?"

"काय की. पण राखेनं सोळा येळा घासलंय, साहेब," गुरुजी म्हणाले.

"ज्याच्यात काय होतं ते ठाऊक नाही, त्यातलं लेकराला पाजायचं नाही," असं म्हणून साहेबांनी पिंप आडवं केलं, पाणी सांडलं आणि खिळा ठोकून बुडाला चार भोकं पाडली, म्हणजे कुणाला मोह होऊ नये. गुरुजी दोन दिवस फुगून बसले होते. पुढच्या बाजाराला साहेबांनी पाचोडहून एक रांजण बैलगाडीत घालून पाठवला.

त्या रांजणातलं पाणी कोण काढतं, हे मात्र साहेबांनी विचारलं नाही. बौद्धवाड्यातल्या मुलांनी रांजणाला हात लावायचा नाही, असं ठरलेलंच होतं. दुसऱ्या मुलाने वरून धार धरायची आणि त्यांनी ओंजळीने प्यायचं. कागदावर असलं काही नव्हतं आणि मोठ्याने कुणी बोलतही नव्हतं. साहेबांची नजर पाण्यावर होती, भांड्यावर होती. माझी सगळ्यावर होती आणि मी गप्प होते.

त्या मुलांत चौथीला जाणारी सुमन होती. सखाहरी नावाच्या शेतमजुराची मुलगी. वर्गात सगळ्यात आधी उत्तर तिचं, आणि उत्तर देताना ती उभी राहून पाटीकडे बघायची, माझ्याकडे नाही. साहेबांनी एकदा सगळ्या वर्गाला विचारलं, "आग लागली तर आधी काय घ्याल?" कुणी दप्तर म्हणालं, कुणी पाटी. सुमन म्हणाली, "धाकट्या भावाला." साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गुरुजींना म्हणाले, "ही पोरगी शिकली पाहिजे, गुरुजी. हिला शिष्यवृत्तीला बसवा. मी स्वतः फॉर्म आणतो." सुमनच्या नावाने त्यांनी पिशवीतल्या वहीत एक ओळ लिहून घेतली.

इतकं भिंतीच्या मागे लागण्याचं कारण त्यांनी मला एकदा बाजाराच्या दिवशी एस.टी.ची वाट बघताना सांगितलं. ते स्वतः मास्तर होते तेव्हाची गोष्ट. वर्गाच्या भिंतीला भेग गेली होती. ती त्यांनी पाहिली होती. वरिष्ठांना कळवायचं, पण दिवाळी झाल्यावर कळवू असं त्यांनी मनाशी ठरवलं. भिंत दिवाळीआधी पडली. सावलीला बसलेला एक मुलगा गेला. "मी पाहिलं होतं, बाई," ते म्हणाले. "नसतं पाहिलं तर आज निजायला तरी आलं असतं."

हे ऐकून महिना झाला नसेल. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी साहेब आले आणि आमच्या मोठ्या खोलीची भिंत ऐकून आले तेच काळवंडलेल्या चेहऱ्याने. मातीच्या भिंतीला आतून उंदरांनी पोखरलं होतं. तुळई एका बाजूने खाली बसली होती. त्यांनी दारावर गेरूने मोठी फुली मारली आणि जागेवरच अहवाल लिहिला, की या खोलीत एकही मूल बसवू नये. प्रश्न आला, जूनमध्ये तिसरी-चौथी बसवायची कुठे? पाटील तिथे होतेच. म्हणाले, "मारुतीचं देऊळ हाय की. पुढं मोठा मंडप हाय. सगळा दगड. शंभर वर्सं हलायचं नाय."

साहेब देवळात गेले. प्रत्येक खांबाला काठी लावली, छताच्या शिळा बघितल्या, मंडपाला तीन बाजूंनी बाहेर पडायला वाट आहे हे पाहून खूश झाले. "यापेक्षा मजबूत जागा तालुक्यात नाही," म्हणाले आणि मंजुरी लिहून टाकली. त्यांच्या घरचे लोक देवळात जात-येत असत, त्यामुळे कुणाला जाता येत नाही हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. माझ्या मनाला शिवला. मी पाटलांच्या मागे उभी होते. बौद्धवाड्यातली अकरा मुलं त्या मंडपात पाऊल ठेवू शकणार नाहीत, हे मला लखलखीत माहीत होतं. साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलंसुद्धा, "काय बाई, ठीक आहे ना?" मी म्हणाले, "हो, साहेब."

जूनमध्ये वर्ग देवळात भरला. सगळी मुलं मंडपात आणि ती अकरा पायऱ्यांच्या खाली, गोणपाटावर. मी मधे उंबऱ्याशी उभी राहून एकदा आत आणि एकदा बाहेर तोंड करून शिकवायची. फळा आत होता. खालच्या मुलांना तो दिसायचा नाही, म्हणून मी अक्षरं मोठ्याने सांगायची. ऊन चढलं की ती सरकत सरकत भिंतीच्या सावलीला जायची आणि मग त्यांना माझा आवाजही ऐकू यायचा नाही. सुमन मात्र पहिल्या पायरीला टेकून, मान वर करून ऐकायची. त्या मानेकडे बघायचं मी टाळायला लागले.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या गावात घरं जळली नाहीत, पण शेजारच्या गावात जळली आणि तो धूर आम्हाला दिसला. पाटलांच्या ओसरीवर जी भाषा चालायची ती मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. बौद्धवाड्याला कामावर बोलवायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांखालचं गोणपाट रिकामं होतं. आठवडाभर ते तसंच पडून राहिलं आणि नंतर कुणीतरी उचलून नेलं.

साहेब आले ते रस्ते सुरू झाल्यावर, पाऊस ओसरताना. देवळाच्या अंगणात उभे राहून त्यांनी दोन बोटं खाली केली आणि मोजायला लागले. मधेच थांबले. परत मोजलं.

"बाई, अकरा कमी आहेत."

"येत नाहीत, साहेब."

"कधीपासून?"

"दंगलीपासून," मी म्हणाले. तेवढ्यात आतून एक मुलगा सहज बोलून गेला, "ती तर भाईरच बसायची, सायेब. पायरीखाली."

साहेब पायरीकडे बघत राहिले. मग त्याच पायरीवर खाली बसले. काठी बाजूला ठेवली. त्यांचा चेहरा मी त्याआधी असा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "मी दगड तपासला, बाई. नुसता दगड."

त्याच दुपारी ते बौद्धवाड्यात गेले. मी बरोबर गेले, कारण न जाणं शक्य नव्हतं. सखाहरी घराबाहेर उभा होता. दारात गाठोडी बांधलेली होती. दोन दिवसांत ते औरंगाबादला जाणार होते, कारखान्याच्या बाजूला हमालीचं काम मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. साहेबांनी हात जोडले. म्हणाले, "चूक माझी झाली. उद्यापासून वर्ग देवळात भरणार नाही. पोरीला शाळेतनं काढू नका."

सखाहरीच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. तो म्हणाला, "सायेब, तुमी भिंतीपायी पोरं भाईर काढली. ती भिंत पडली आस्ती, तर समद्यांच्या पोरांवर पडली आस्ती. तिच्याखाली तरी आमची पोरं समद्यांत बसत व्हती."

सुमन आतल्या बाजूला भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिने साहेबांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वर्ग देवळातून काढून शाळेच्या पटांगणात लिंबाखाली भरवला. सगळी मुलं एका सतरंजीवर. पाटील आले आणि म्हणाले, "उन्हातान्हात, पावसात लेकरं बसवता? तुमचंच काम हाय ना धोका टाळायचं?" साहेब म्हणाले, "व्हय पाटील. तेच करतोय." बौद्धवाड्यातली पाच मुलं परत आली. गावातल्या निम्म्या लोकांनी आपली मुलं पाठवणं बंद केलं. मी पाटलांची खोली सोडली आणि पाचोडहून पायी ये-जा करू लागले. मला यात शौर्य मिरवायचं नाही. खोली सोडायला मी चार महिने उशीर केला होता.

साहेबांविरुद्ध अर्ज गेला. मुलांना उघड्यावर बसवून त्यांच्या जिवाशी खेळ केला, असं त्यात लिहिलं होतं. ज्या माणसाने आयुष्य दारं फिरवण्यात आणि पिंपांना भोकं पाडण्यात घालवलं, त्याच्यावर हा आरोप. चौकशी झाली आणि त्यांना कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. पुढच्या वर्षी खोली दुरुस्त झाली तेव्हा ती बघायला दुसराच साहेब आला. त्याने भिंत ठोकली नाही. चहा घेतला आणि सही करून गेला.

सुमनला शोधायला साहेब रविवारी रविवारी चिकलठाण्याकडच्या वस्त्यांत फिरायचे. कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या आणि पोत्यांच्या झोपड्या तेव्हा दर महिन्याला वाढत होत्या. ते दारोदार विचारायचे आणि लोक त्यांना वसुलीवाला समजून दारं लावून घ्यायचे. माझी बदली शहरात झाल्यावर मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले. दुसऱ्या वर्षी त्यांना ती सापडली, पण त्या रविवारी मी नव्हते. त्यांनीच येऊन सांगितलं. सुमन एका छोट्या कारखान्यात बाटल्या धुवायला जात होती. हात पांढरे पडले होते. साहेबांनी सखाहरीची मनधरणी केली, नगरपालिकेच्या शाळेत नाव घालायची तयारी दाखवली. सखाहरीने त्यांना चहा पाजला आणि म्हणाला, "तुमी चांगलं मानूस हाव, सायेब. पर आता तिच्या हाताला काम हाय."

"आणि सुमन काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही. बाई कशा आहेत, एवढं विचारलं."

यानंतर साहेब बोलायचे कमी झाले. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ दिलं, कुणीतरी भिंतीवरून विनोद केला आणि सगळे हसले. साहेबही हसले, पण उशिरा. मी पुढे ज्या ज्या शाळेत गेले, तिथली दारं बाहेर उघडतात का हे पहिल्या दिवशी बघितलं आणि पाणी कोण वाढतं हेही बघितलं. जिथे बोलायला हवं होतं तिथे बोलले. त्यापायी दोन बदल्याही ओढवून घेतल्या. पण ते सगळं नंतरचं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या थंडीत. अर्धांगाच्या झटक्याने एक बाजू गेली होती. खिडकीतून दुपारचं ऊन त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं आणि रस्त्याने निळे झेंडे घेतलेली माणसं गाणी म्हणत चालली होती, बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पोरं खांद्यावर घेऊन. साहेब कान देऊन ऐकत होते.

"नाव लागलं म्हणे, बाई."

"हो, साहेब. लागलं."

"सुमन पंचविशीची असंल आता. तीबी असंल बघा ह्यांच्यात." त्यांची जीभ जड झाली होती, आणि गावाकडची बोली, जी ते कचेरीत कधी आणत नसत, ती आता मोकळी बाहेर येत होती. "माझी लई मोठी चूक झाली. सगळ्या जिल्ह्याच्या भिंती बघितल्या म्या, आन् त्या एका पोरीला उन्हात बसवली."

मी त्यांचा धडधाकट असलेला हात धरला. इतक्या वर्षांत जे बोलायचं होतं ते जिभेवर आलं होतं. मला माहीत होतं, साहेब. तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळं माहीत होतं. एवढंच बोलायचं होतं. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना वाटलं की मी त्यांच्या दुःखाने रडवेली झाले आहे, आणि ते उलट माझीच समजूत घालू लागले.

"तुमी नका लावून घेऊ जिवाला. तुमी शहरातली पोर, नवीन. तुमाला कुठं माहीत व्हतं?"

मी मान हलवली. नव्हतं माहीत, अशी.

"मग झालं तर," ते म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी बरं वाटल्यासारखे डोळे मिटून पडले. उन्हाळ्यात ते गेले. त्यांनी माझ्यासाठी केलेल्या गोष्टी मोजायला बसले तर दिवस जाईल. मी त्यांच्यासाठी केली ती ही एकच, आणि ती खोटी होती.